एक रिमोट, तीन यंत्रे : जुळवणीचे काम शिकून घ्या

कापडाच्या धंद्यात मॅचिंगचे काम सर्वांत किचकट. साडीवर ब्लाउजपीस घ्यायला बाई आली की दुकानदार अगोदर विचारतो, "साडी संगे आणली काय?" साडी सोबत नसेल आणि नुसत्या सांगण्यावरून 'हिरवा' म्हणून तुकडा फाडून दिला, तर तो दुसऱ्या दिवशी परत येतो. फाडलेला तुकडा पुन्हा ताक्याला जोडता येत नाही. नुकसान कोणाचे? दोघांचेही.

बाजारात ज्याला 'युनिव्हर्सल रिमोट' म्हणतात त्याचा व्यवहार अगदी असाच आहे. पाकिटावर लिहिलेले असते की हा सर्व टीव्हींना चालतो. गिऱ्हाईक शे-दीडशे रुपये मोजून घेऊन जाते. घरी गेल्यावर टीव्ही चालू होतो, पण आवाज वाढत नाही. किंवा आवाज वाढतो, पण सोर्स बदलत नाही. संध्याकाळी ते पाकीट परत काउंटरवर येते आणि हुज्जत सुरू होते. अशा वेळी रिमोट सहसा खराब नसतो आणि गिऱ्हाईकही खोटे बोलत नसते. मधले जुळवणीचे काम कोणीच केलेले नसते, एवढेच. ते काम कसे करावे हा या लेखाचा विषय आहे. इलेक्ट्रिकचे, मोबाइलचे, रिपेअरिंगचे दुकान चालवणाऱ्या बंधूंनी, हे हुनर शिकू पाहणाऱ्या मुलांनी आणि आपल्या घरातील रिमोटच्या ढिगाला कंटाळलेल्या प्रत्येकाने तो शांतपणे वाचावा.

घरात इतके रिमोट आले कोठून?

दूरचित्रवाणी आपल्या देशात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली आणि १९८२ मध्ये रंगीत झाली. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा केबलची वायर सरळ टीव्हीच्या पाठीत जात असे. चॅनेल टीव्हीच बदलत असे, म्हणून एकच रिमोट पुरत असे.

पुढे २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने सर्व केबल डिजिटल करण्याचे ठरले. २०१२ मध्ये महानगरांपासून सुरुवात झाली. गावखेड्यांच्या शेवटच्या टप्प्यासाठी ३१ मार्च २०१७ ही मुदत होती. दुसरीकडे छत्रीवाले डिश आले. दूरदर्शनची महिन्याचे भाडे नसलेली सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तीच आज डीडी फ्री डिश या नावाने घराघरांत आहे. केबल असो की छत्री, परिणाम एकच झाला. चॅनेल बदलण्याचे काम टीव्हीकडून निघून सेट टॉप बॉक्सकडे गेले. टीव्हीकडे उरले चालू होणे, सोर्स पकडणे आणि आवाज. झाले दोन रिमोट. त्यावर कोणी होम थिएटर घेतले, तिसरा रिमोट आला. मुलाने इंटरनेटची स्टिक लावली, चौथा आला.

आमच्या शेंदूरजनाघाटसारख्या गावाचा विचार करा. सातपुड्याच्या पायथ्याचे, संत्र्याच्या कलमांचे गाव. सकाळी घरातील माणसे नर्सरीत, बागेत, दुकानावर निघून जातात. घरी राहते वयस्क दादी. तिच्या हातून चुकून टीव्हीच्या रिमोटवरचे सोर्सचे बटण दाबले गेले की पडद्यावर 'नो सिग्नल' येते आणि संध्याकाळी मुलगा येईपर्यंत ती त्या निळ्या पडद्याकडे पाहत बसते. तिला चार रिमोट नकोत, चार बटणे हवीत : चालू-बंद, आवाज, चॅनेल आणि चूक झाली तर परत येण्याचे एक बटण. जुळवणीचे काम नीट झाले की तिचा दिवस सुधारतो. कामाची खरी किंमत ही आहे.

रिमोटचा इतिहास, चार ओळींत

अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये वायर असलेला रिमोट काढला. १९५५ मध्ये त्याच कंपनीच्या युजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोताने चालणारा रिमोट केला, पण तो उन्हात फसे. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आला. त्यात सेल नव्हतेच. बटण दाबले की आत ॲल्युमिनियमच्या कांडीवर छोटी हातोडी पडे आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीला ऐकू जाई. त्यानंतर न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचा जमाना आला, तो आजही चालू आहे. ॲपल संगणकाचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी आपल्या नव्या कंपनीतर्फे १९८७ मध्ये दुसऱ्या रिमोटची भाषा शिकून घेणारा रिमोट बाजारात आणला होता. म्हणजे ही विद्या नवी नाही. आपल्या बाजारात ती शे-दोनशे रुपयांच्या वस्तूत येऊन बसली, एवढेच नवे.

किरण बोलतो कसा?

रिमोटच्या तोंडाशी एक छोटा दिवा असतो. त्याचा किरण साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. बटण दाबले की हा दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. तो लुकलुकाट मध्ये-मध्ये तोडून, लांब-आखूड तुकड्यांत पाठवला जातो. जुन्या तारघरातील कडकट्टची आठवण ठेवा, हिशेब तोच. टीव्हीच्या समोरच्या बाजूस तीन पायांचा सेन्सर असतो. तो हे तुकडे वाचतो आणि आतल्या चिपला सांगतो.

प्रत्येक हुकुमात दोन भाग असतात. पहिला भाग पत्ता, म्हणजे हा निरोप कोणत्या यंत्रासाठी आहे. दुसरा भाग काम, म्हणजे आवाज वाढव किंवा बंद हो. पत्ता जुळला नाही तर यंत्र निरोपाकडे पाहतही नाही. म्हणूनच सेट टॉप बॉक्सच्या रिमोटने टीव्ही बंद होत नाही.

शिवाय भाषा वेगवेगळ्या आहेत. एनईसी नावाची जपानी पद्धत ३८ किलोहर्ट्झवर चालते आणि खूप यंत्रांत आढळते. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ वर चालते. सोनीची स्वतःची पद्धत ४० वर आहे. कोड म्हणजे काय, तर 'अमुक भाषा, अमुक पत्ता, आणि बटणांची अमुक यादी' यांच्या गाठोड्याला दिलेला नंबर. हा नंबर रिमोट बनवणाऱ्याने आपल्या सोयीने दिलेला असतो. त्यामुळे एका कंपनीच्या रिमोटच्या यादीतील कोड दुसऱ्या कंपनीच्या रिमोटमध्ये टाकून उपयोग नाही. पुष्कळ कारीगर येथेच वेळ घालवतात.

संत्र्याच्या कलमांचे काम करणाऱ्यांना हे लवकर समजेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, कोणत्याही झाडावर कोणताही डोळा भरत नाहीत. जात जुळली तरच डोळा धरतो. रिमोट हा डोळा, टीव्ही हा खुंट.

अगोदर यादी, मग खरेदी

गिऱ्हाईक येते आणि विचारते, "चाचा, हे रिमोट आमच्या टीव्हीले चालते काय?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' देऊ नका. उलट विचारा, "कंपनी कोणती हाय बेटा? जुना रिमोट आणला काय? टीव्हीच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून आण." या तीन प्रश्नांत निम्मे काम होते. कागदावर प्रत्येक यंत्रासाठी पाच गोष्टी लिहाव्यात :

१. यंत्र कोणते : टीव्ही, सेट टॉप बॉक्स, होम थिएटर, डीव्हीडी की स्टिक.
२. कंपनी आणि मॉडेल नंबर. तो टीव्हीच्या पाठीवर आणि बॉक्सच्या पोटावर छापलेला असतो.
३. जुना रिमोट आहे काय, आणि त्याची किती बटणे अजून चालतात.
४. रिमोट किरणाने चालतो की ब्लूटूथने. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचे तोंड त्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसला तर ते बटण किरण सोडते. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा गाळणी असते, म्हणून पुढचाच वापरावा.
५. घरात रोज कोणती बटणे लागतात. हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे.

आपल्या महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण घ्या. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनने घरोघर टीव्ही पोहोचवले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. टीव्ही मात्र भिंतीवर तसेच चालत राहतात, कारण कंपनीचा ताळेबंद आणि टीव्हीचे आयुष्य यांचा संबंध नसतो. जुना रिमोट तुटला की अशा मालकाला जुळता रिमोट कोण देणार? गावचा कारीगरच. धंदा येथे आहे. तेव्हा अशा घरांना एक सल्ला जरूर द्या : जुना रिमोट अर्धामुर्धा चालत असतानाच त्याची नक्कल करून ठेवा. तो पूर्ण मेल्यावर नमुनाच उरत नाही.

बाजारातले चार प्रकार

पहिला, मॉडेलचा जोडरिमोट. मूळ रिमोटसारखाच दिसतो, त्याच टीव्हीसाठी बनतो, सेल टाकला की चालतो. एकच यंत्र असेल तर हाच घ्यावा.

दुसरा, कोडचा युनिव्हर्सल. आत शेकडो टीव्हींच्या भाषा भरलेल्या असतात. नंबर टाकून एक निवडायची असते.

तिसरा, शिकणारा रिमोट. मूळ रिमोटसमोर धरून एकेक बटण शिकवता येते. पुष्कळशा सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर वरच्या बाजूस चौकटीत 'टीव्ही' लिहून चार-पाच बटणे दिलेली असतात. तीही याच जातीची. गिऱ्हाईकाला ती असल्याचे माहीतच नसते. तिथे नवा रिमोट न विकता ती बटणे शिकवून द्या आणि मेहनतीचे पैसे घ्या.

चौथा, मोबाइल. शाओमी-रेडमीच्या अनेक फोनांत किरण सोडणारा दिवा असतो आणि त्यासाठीचे ॲपही मिळते. अडचणीच्या वेळी छान, परंतु फोन मालकासोबत बाहेर जातो आणि घरी दादी पुन्हा तशीच. म्हणून फोन हा जोडीला ठेवावा, मुख्य म्हणून नव्हे.

पहिली रीत : कोड टाकणे

पाकिटातील चिठ्ठी फेकू नका, कोडांची यादी तिच्यावरच असते. बटणांची नावे कंपनीप्रमाणे बदलतात, पण क्रम बहुतेक असा असतो :

१. नवे सेल टाका. टीव्ही मूळ बटणाने हाताने चालू करा.
२. रिमोटवरचे 'सेट' किंवा 'सेटअप' बटण काही सेकंद दाबून धरा. लाल दिवा स्थिर पेटला किंवा चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे लुकलुकला की सोडा.
३. रिमोट अनेक यंत्रांचा असेल तर 'टीव्ही' हे बटण दाबून कोणत्या यंत्राचा कोड टाकतो आहोत ते सांगा.
४. यादीतील आपल्या कंपनीचा पहिला कोड अंकांनी टाका. दिवा विझला किंवा दोनदा लुकलुकला म्हणजे कोड स्वीकारला.
५. आता पारखा. नुसते चालू-बंद पाहून थांबू नका. आवाज, म्यूट, सोर्स, मेनू, बाण, ओके आणि अंक अशी सात ठिकाणी परीक्षा घ्या.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. एकाच कंपनीच्या टीव्हींमध्ये वर्षागणिक चिप बदललेली असते. त्यामुळे पहिला कोड बंद-चालू करील, पण मेनू उघडणार नाही, असे होतेच. तेव्हा यादीतील पुढचा कोड टाका. सातही परीक्षांत उतरेल तोच कोड खरा.

दुसरी रीत : आपोआप शोध

कंपनी अनोळखी असेल किंवा यादीत नसेल तर शोध लावावा. टीव्ही चालू ठेवून, रिमोट सेन्सरसमोर स्थिर धरून, चिठ्ठीत दिलेले बटण दाबून धरायचे. रिमोट एकामागून एक भाषा बदलत हुकूम सोडत जातो. काही रिमोट बंद होण्याचा हुकूम सोडतात, काही आवाज वाढवण्याचा. टीव्ही बंद झाला किंवा पडद्यावर आवाजाची पट्टी दिसली की त्याच क्षणी बटण सोडा. हात उशिरा सुटला तर रिमोट पुढच्या भाषेवर निघून गेलेला असतो. मग शोध पुन्हा लावा.

ह्या कामात घाई चालत नाही. शोधाला कित्येक मिनिटे लागू शकतात. हात टेबलावर टेकवून बसा, दुकानातील इतर टीव्ही बंद ठेवा. सापडल्यावर वरील सात परीक्षा येथेही घ्यायच्याच.

तिसरी रीत : शिकवणे

मूळ रिमोट थोडातरी चालत असेल तर ही रीत सर्वांत भरवशाची, कारण येथे अंदाज नाही, नक्कल आहे.

१. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाला तोंड लावून ठेवा. अंतर दोन-तीन सेंटिमीटर, दोघांची उंची सारखी. खाली वही ठेवून पातळी जुळवा.
२. शिकणाऱ्या रिमोटला शिकण्याच्या स्थितीत आणा. दिवा पेटेल.
३. शिकणाऱ्यावरचे जे बटण भरायचे ते दाबा, मग मूळ रिमोटवरचे तेच बटण दाबा. थोडा वेळ दाबायचे की धरून ठेवायचे ते चिठ्ठीत पाहा.
४. दिवा लुकलुकला म्हणजे शिकला. पुढचे बटण घ्या.
५. सर्व झाल्यावर शिकण्याच्या स्थितीतून बाहेर पडा, नाहीतर शिकवलेले जपले जाणार नाही.

दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल असावेत. ऊन, ट्यूबलाइट आणि सीएफएल यांपासून दूर बसावे. त्यांचा उजेड किरणात मिसळतो आणि नक्कल बिघडते.

आरसी-५ भाषेत एक खोच आहे. त्यात प्रत्येक नव्या दाबासोबत एक खूण उलटते. त्यावरून टीव्हीला कळते की बटण पुन्हा दाबले, की तेच धरून ठेवले आहे. साधा शिकणारा रिमोट ही खूण एकाच अवस्थेत शिकतो. मग ११ नंबर दाबला तरी टीव्हीला एकच १ कळू शकतो. अशी तक्रार आली तर रिमोट परत घेण्यापूर्वी मध्ये दुसरे एखादे बटण दाबून पाहा. त्याने चालले तर दोष खुणेचा आहे. त्या यंत्रासाठी शिकवण्याऐवजी कोडाची रीत वापरा.

तीन यंत्रे एकत्र : चालू-बंद आणि आवाज

एकेक यंत्र जुळले म्हणजे काम संपले नाही. खरी गंमत पुढे आहे.

चालू-बंदचे बटण बहुतेक यंत्रांत एकच असते. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. आता एका बटणात टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे हुकूम भरले आणि कोणी बॉक्स हाताने बंद केला, तर पुढच्या दाबाला टीव्ही बंद होतो आणि बॉक्स चालू. दोघे कायमचे उलटे चालतात. म्हणून वडीलधाऱ्यांच्या रिमोटवर दोन वेगळी बटणे ठेवा आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी लावा : लाल म्हणजे टीव्ही, हिरवी म्हणजे बॉक्स.

आवाज एकाच ठिकाणाहून चालावा. होम थिएटर असेल तर टीव्हीच्या मेनूत जाऊन त्याचा स्वतःचा स्पीकर बंद करा आणि आवाजाची बटणे होम थिएटरच्या भाषेत भरा. होम थिएटर नसेल तर बॉक्सचा आवाज एकदा भरपूर वाढवून ठेवा आणि रोजचा आवाज टीव्हीनेच कमी-जास्त करा. दोन ठिकाणी आवाज ठेवला की घरात रोज 'आवाजच येत नाही' ही तक्रार होते.

सोर्सचे बटण जरूर शिकवा, पण ते कोपऱ्यातील बटणावर. आणि दादीला समोर बसवून दाखवा : निळा पडदा आला तर हे बटण, इतक्या वेळा.

जे किरणाने चालत नाही

इंटरनेटच्या स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो. त्याची नक्कल किरणाच्या रिमोटला करता येत नाही. कितीही कोड टाका, उपयोग नाही. हे गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांगा.

परंतु दोन वाटा आहेत. पहिली उलटी वाट : ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा आवाजाच्या बटणांचा रिमोट टीव्हीसाठी किरणही सोडतो. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये 'इक्विपमेंट कंट्रोल' या ठिकाणी टीव्हीची कंपनी निवडली की त्याच रिमोटने टीव्ही चालू-बंद आणि आवाज होतो. दुसरी वाट एचडीएमआयच्या वायरीतून जाते. या वायरीतून यंत्रे एकमेकांना हुकूम देऊ शकतात. या सोयीचे नाव सीईसी. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटच्या बाणांनी स्टिक चालते. नवा रिमोट विकण्याआधी हे तपासा. खर्च शून्य, आणि गिऱ्हाईक कायमचे आपले.

एसीच्या बाबतीत सावध राहा. एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, पंखा, प्रकार हे सर्व एकत्र पाठवतो. टीव्हीसाठीच्या शिकणाऱ्या रिमोटला ते सहसा पेलत नाही. त्यासाठी एसीचा वेगळा युनिव्हर्सल मिळतो, तोच द्यावा.

चालत नसेल तर क्रमाने पाहा

१. सेल. दोन्ही एकाच कंपनीचे व नवे असावेत. एक जुना एक नवा नको. चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा, त्यामुळे चार्जवाल्यावर रिमोटची झेप कमी पडू शकते.
२. सेलच्या पट्ट्या. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खरवडून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, वाळवून घ्या.
३. दिवा. सेल्फी कॅमेऱ्याने पाहा. सर्व बटणांना दिवा लागत नसेल तर दिवा किंवा त्याचा टाका गेला. काही बटणांनाच लागत नसेल तर रबराखालील काळे ठिपके आणि पाटी स्पिरिटने पुसा.
४. टीव्हीचा सेन्सर. मूळ रिमोटनेही टीव्ही ऐकत नसेल तर आधी सेन्सरवरची धूळ पुसा, समोर ठेवलेली फुलदाणी किंवा पडदा बाजूला करा. मग सेन्सर बदलण्याचा विचार. ३८ किलोहर्ट्झच्या जुन्या सेटांत टीएसओपी १७३८ हा नंबर कारीगरांच्या ओळखीचा आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत प्लग काढल्यावरही जोराची वीज साठून राहते, म्हणून शिकाऊ मुलाने तो सेट उस्तादाशिवाय उघडू नये.

दुकानदारीच्या चार गोष्टी

जुळवणी काउंटरवर करून द्या. सेट टॉप बॉक्स आणि जुना रिमोट घेऊन यायला सांगा. बॉक्स छोटा असतो, थैलीत येतो. टीव्ही आणता येत नसेल तर घरी जाऊन जुळवून देण्याचा वेगळा दर बोर्डावर लिहून ठेवा. रिमोटचा दाम वेगळा आणि मेहनतीचा दाम वेगळा सांगितला की गिऱ्हाईकाला वाईट वाटत नाही. दोन्ही एकात लपवले की शंका येते.

कोड सापडला की छोट्या चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवा. काही रिमोट सेल काढल्यावर विसरतात. तीच नोंद आपल्या वहीतही ठेवा : टीव्हीचे मॉडेल, रिमोटची जात, कोणता कोड सातही परीक्षांत उतरला. वर्षभरात ही वही तुमच्या तालुक्याची यादी बनते. कोणत्याही पाकिटातील चिठ्ठीपेक्षा ती खरी, कारण ती तुमच्या गावच्या टीव्हींवर तपासलेली असते. गिऱ्हाईकाचे नाव किंवा फोन तीत लिहिण्याची गरज नाही.

माल मोसम पाहून भरा. वरुड भागात आंबिया बहाराचा पैसा साधारण हिवाळ्यात येतो आणि मृग बहाराचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. घरातील दुरुस्तीची कामे तेव्हाच निघतात. पण एकाच जातीचे शंभर नग उचलू नका. दहा जातींचे थोडे-थोडे घ्या, वहीत जी जात वारंवार येते तीच पुढे वाढवा. कापडात रंगांचे असेच चालते.

आणि शेवटची गोष्ट इमानाची. 'सर्व टीव्हींना चालतो' हे वाक्य पाकिटावर छापलेले असले तरी आपल्या तोंडून काढू नका. मालाचा ऐब झाकून सौदा करणे आपल्यात कधीच मान्य नव्हते. "टीव्हीचे चालू-बंद, आवाज आणि सोर्स चालेल, स्टिक चालणार नाही" असे स्पष्ट सांगा आणि तसेच बिलावर लिहा. त्यामुळे दहापैकी एखादा सौदा जाईल. उरलेले नऊ परत येणार नाहीत, आणि ती गिऱ्हाईके मात्र येत राहतील.

लॉजिटेक या मोठ्या कंपनीने आपले महागडे हार्मनी रिमोट बनवणे एप्रिल २०२१ मध्ये बंद केले. मोठ्यांनी सोडलेल्या जागेत लहानांना काम असते. यंत्रे दरवर्षी वाढत आहेत आणि त्यांच्या भाषाही. कोड पाकिटात फुकट मिळतो. जुळवणी मात्र माणसालाच करावी लागते. तेव्हा बंधूंनो, दुकानात एक टेबल, एक चांगला उजेड, स्पिरिटची बाटली, नव्या सेलची जोडी आणि एक वही एवढी तयारी करा. घरात शिकणारा मुलगा असेल तर त्याला या टेबलावर बसवा. पंधरा दिवसांत त्याचा हात बसेल आणि वहीची पहिली चार पाने भरतील.